रेघेच्या पलीकडचा कागद

नाना, तुम्ही नेमके किती वाजता गेलात यावर अजून एकमत झालेलं नाही. अक्का म्हणतात, नळाला पाणी यायच्या आधी. शेजारचे काका म्हणतात, पाणी आल्यावर, कारण अक्कांची हाक आली तेव्हा त्यांची टाकी भरून वाहत होती. डॉक्टरांनी कागदावर तिसरीच वेळ लिहिली आहे, ती बहुधा ते स्वतः पोचले त्याची असावी. दारात चपला काढणारा प्रत्येक जण आधी तेच विचारत होता आणि घरातला प्रत्येक जण वेगळं सांगत होता. मी कोपऱ्यात बसून रडत होते. रडता रडता मला एकदम वाटलं, आता नाना उठून बसणार आणि म्हणणार, "तिन्ही घड्याळं इकडे आणा. आधी ती एकमेकांशी लावून बघू." आणि मला हसू फुटलं. तुमच्या पुण्याच्या सूनबाईंनी ते पाहिलं. आता त्या मला काय समजत असतील, देव जाणे.

तशीही त्या घरात माझी ओळख करून देणं अवघडच. मी नातेवाईक नाही. जळगावच्या कॉलेजात तुमची विद्यार्थिनी होते, पुढे धुळ्याच्या कॉलेजात तुमच्याच विषयाची मास्तरीण झाले, आणि तेव्हापासून रविवार मोकळा मिळाला की एसटीत बसून जळगावला यायचं, तुमच्याशी कडाडून भांडायचं, तुमच्या बायकोच्या, अक्कांच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. भेटायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मी म्हणाले, "आमचं भांडण होतं." त्या जरा सरकून बसल्या.

पण खरं तेच होतं ना? भांडण एकच, वर्षानुवर्षं तेच. तुम्ही मोजलेले आकडे खरे की खोटे?

तुम्ही तरुणपणी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत न्यूट्रॉन मोजलेत. न्यूट्रॉनचा झोत प्रोटॉनवर सोडायचा आणि धडक बसल्यावर कोण किती कोनातून उडतं ते टिपायचं. ऐकायला कॅरमसारखं सोपं. पण न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, तो कुठल्याही यंत्राला सहजी दिसत नाही. हे तुम्ही आम्हाला वर्गात शिकवलंत ते मी अजून विसरलेले नाही. "लग्नाच्या पंगतीत एक पाहुणा आहे, तो कोणालाच दिसत नाही. पण तो गेला की कोणाच्या तरी हातातलं वरण सांडतं. आता सांडलेल्या वरणावरून सांगा, पाहुणे किती होते?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, वरण आपोआप सांडलं असेल तर?" तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "ह्या पोराला भौतिकशास्त्र समजलं. बाकीचे घरी जाऊ शकता." तास अर्ध्यावर होता. आम्ही खरंच घरी गेलो.

दुसरी अडचण प्रोटॉनची. ते सुटे मिळत नाहीत, म्हणून तुम्ही जाडसर पॉलिथिनचा कागद झोतासमोर धरलात. त्यात हायड्रोजन असतो, म्हणजे प्रोटॉन आले. पण कार्बनही असतो. मग नुसत्या कार्बनवर वेगळं मोजायचं आणि ते वजा करायचं. हे मला समजलं ते वर्गात नाही, असोद्याच्या शेतात. हिवाळ्यातली भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, लोक पत्रावळ्या घेऊन बसले होते, आणि तुम्ही यजमानांना विचारत होतात, तेलासकट भरीत किती झालं आणि तेल वजा करून किती. यजमान म्हणाले, "सर, तुम्ही आधी खा." तुम्ही म्हणालात, "खाईन, पण मग मोजायला काय उरेल?" शेवटी त्या भल्या माणसानं तुमच्यासाठी थोडं बिनतेलाचं भरीत वेगळं काढलं. ते इतकं कोरडं होतं की तुम्ही मुकाट्यानं माझ्या पत्रावळीतलं खाल्लंत.

आणि मग तुमचे आकडे. ते इतरांच्या आकड्यांपेक्षा थोडे वर होते. आलेखाची वळणं हुबेहूब तीच, चढ तिथे चढ, उतार तिथे उतार, पण अख्खी रेघ जरा वर. जगभरचे असे आकडे एकत्र करून त्यातून एक रेघ काढणारे लोक असतात. जो संच बाकीच्यांशी फारच फटकून वागतो तो ते बाजूला ठेवतात. तुमचा ठेवला. त्यांच्या यादीत तुमच्या नावापुढे एक चांदणी आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ, की हे जुळवणीत धरलेले नाहीत. तुम्ही त्याला एकच शब्द वापरायचात. वाळीत टाकलं.

मी पीएचडीसाठी तेच काम घेतलं. सगळ्यांचे आकडे, सगळ्यांना एकच नियम. मोठ्या कागदावर आलेख छापून मी तुम्हाला दाखवायला आणला. तुम्ही चष्मा पुसला, आलेखावर वाकलात, बोट फिरवत राहिलात. मग एकदम वर्गातली भाषा सुटली आणि गावाकडची, सावद्याची आली. "माये कुठी हायेत?"

"नाना, तुमचे आकडे नियमात बसले नाहीत."

"नियम कोनं केला?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे. मी माझ्या गुरूसाठी वेगळा करू का?"

मग आत बघून ओरडलात, "अगं, हिला जेवायला वाढ. उपाशीपोटी हिला काही समजत नाही." मी आजही म्हणते की तेव्हा मी बरोबरच वागले. तुम्हीही ते कधी चूक म्हणाला नाहीत. नुसते पुढची सगळी वर्षं भांडलात.

त्यात तो सावद्याचा काटा. तुमच्या भावाच्या मळ्यातली केळी भरून ट्रक निघाला होता आणि गावातल्या भुईकाट्यानं एक वजन सांगितलं, रस्त्यावरच्या पुढच्या काट्यानं दुसरं. भाऊ म्हणाले, जाऊ द्या. पण तुम्ही ड्रायव्हरशेजारी चढून बसलात आणि ट्रक परत पहिल्या काट्यावर नेलात. मग पुन्हा दुसऱ्यावर. मग रिकामा ट्रक दोन्हीवर न्यायचा म्हणून केळी उतरवा असं तुम्ही म्हणालात, तेव्हा ड्रायव्हरनं किल्ली काढून खिशात घातली. तुम्ही मला ती गोष्ट विजयानं सांगितलीत. "बघ. दोन काटे, एक ट्रक. दुसरा काटा बाकीच्यांशी जुळतो म्हणून पहिला खोटा?"

मी म्हणाले, "नाना, पण पहिला खोटा असूही शकतो."

"मग दाखव ना कुठे खोटा आहे! वाळीत टाकणं म्हणजे दाखवणं नाही."

इथे तुम्ही मला पकडलंत. म्हणून मी शोधायला लागले आणि तुमच्या पॉलिथिनच्या कागदापाशी येऊन थांबले. कागद किती जाड आहे त्यावर तुमचं सगळं गणित. जाड कागद म्हणजे जास्त प्रोटॉन, म्हणजे जास्त धडका. जाडी कमी धरली तर तुमचे आकडे आपोआप वर जाणार. आणि जाडी तुम्ही कशी ठरवलीत? कागदाची एक पट्टी कापून, तिचं वजन करून. कुठून कापलीत? कडेची. साहजिक आहे, मधोमध भोक कोण पाडेल? पण झोत गेला मधून. "रोलचा कागद कडेला पातळ आणि मध्ये जाड असला तर?" मी म्हणाले. तुम्ही लालबुंद झालात. "तो कागद एकसारखा होता. मी हात फिरवून बघितला होता." हात फिरवून! जगातल्या प्रत्येक गोष्टीला अधिक-उणे विचारणारा माणूस. पाचची बस म्हटलं की "अधिक-उणे किती?" विचारणारा. त्याचा हात मात्र मिलिमीटरचे तुकडे ओळखत होता!

मग तुम्ही उठून आत गेलात आणि तो कागद घेऊन आलात. त्याच रोलमधला उरलेला, तुम्ही बॅगेत गुंडाळून भारतात आणलेला. मी त्याला लगेच ओळखलं. आम्ही सगळेच ओळखत होतो. तो अक्कांचा बिबड्यांचा कागद होता.

दर उन्हाळ्यात गच्चीवर अक्का ज्वारीचा घाटा शिजवून त्या कागदावर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, थापायच्या. लसूण, तीळ, मिरचीचा तो वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आणि दर उन्हाळ्यात तुम्ही जिन्यातून ओरडायचात, "रेघेच्या अलीकडे! रेघेच्या अलीकडे!" कागदाच्या बरोबर निम्म्यावर तुम्ही निळ्या मार्करनं आडवी रेघ मारली होती. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला भौतिकशास्त्र. अक्का माहेरच्या धुळ्याकडच्या, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी आपली अहिराणी सोडली नव्हती. त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बठ्ठा कागद पडेल शे, अन् माले सांगतस रेघना आल्याडच थाप!" आणि अर्धा बिबडा मुद्दाम रेघेवर चढवायच्या. तुम्ही ओल्या फडक्यानं तो भाग पुसून काढायचात आणि वर चार शब्द सुनावायचात. मला वाटायचं, हा तुमचा विक्षिप्तपणा. त्या दिवशी कळलं की तुम्ही अर्धा कागद खटल्यासाठी राखून ठेवला होता.

"मग मोजू या आत्ताच," मी म्हणाले. "मधला तुकडा आणि कडेचा तुकडा. कॉलेजातला काटा आहे माझ्याकडे."

"नाही."

"का?"

"कारण मला कुठलं उत्तर पाहिजे ते मला माहीत आहे. ज्याला उत्तर पाहिजे त्यानं मोजायचं नाही."

"मग मी मोजते."

"तुलेही पाहिजे. उलटं."

तिसरं माणूस शोधायचं ठरलं. तुमच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "पप्पा, ऑनलाइन नवीन शीट मागवा ना." तो बाद. अक्कांचं नाव मी सुचवलं. तुम्ही म्हणालात, "ती? ती तर मी हरायची वाटच बघतेय. लग्नापासून." अक्का आतून म्हणाल्या, "हा." मग अक्काही बाद. कागद गुंडाळून परत कपाटावर गेला आणि खटला तसाच पडून राहिला. दर भेटीत एकदा तरी आम्ही त्याच्याकडे बघायचो. मग चहा यायचा.

नाना, तुम्ही अचानक गेलात. अक्कांनी बिबड्यांची ज्वारी भिजत घातली होती. ती तशीच आंबली असती, पण शेजारणीनं काढून, वाळवून, दळून आणली. तुमचे दिवस झाल्यावर मी परत आले तेव्हा ते पीठ डब्यात होतं, कागद कपाटावर होता आणि तुमच्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. मी खुर्चीसमोर बसले आणि नेहमीसारखं तोंडात आलं, "हं, बोला." मग मात्र मला आवरेना. अक्का आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांना पाहून मी आणखीच रडले.

तेव्हाच मला कळलं की माझं काहीतरी बिघडलं आहे. इतकी वर्षं मी म्हणत होते, कागद मध्ये जाड आहे. आता माझ्या मनात एकच होतं. तो एकसारखा निघू दे. नाना खरे निघू दे. त्यांची चांदणी पुसली जाऊ दे. मी मोजायला बसले असते तर काट्याचा आकडा वाचतानाही माझे डोळे खोटं बोलले असते. तुम्ही म्हणाल, मग तर तू अजिबात मोजू नकोस. पण तुम्ही नव्हतात म्हणायला.

म्हणून मी एक युक्ती केली. अक्कांना सांगितलं, रेघेच्या पलीकडच्या कागदावर डबीचं झाकण ठेवायचं, ब्लेडनं गोल चकत्या कापायच्या. काही मधून, काही कडेनं. मधल्या एका पुडीत, कडेच्या दुसऱ्या पुडीत. एका पुडीवर हळदीचं बोट लावायचं, दुसरीवर तिखटाचं. कुठलं कुठे ते मला सांगायचं नाही. मी नुसतं वजन करणार. कोणाचं काय निघालं ते आकडे लिहून झाल्यावरच विचारणार. अक्कांनी विचारलं, एवढं कशासाठी? मी सांगितलं, दोन्ही पुड्यांचं वजन सारखं आलं तर नाना खरे. वेगळं आलं तर नाना चुकले. हे सांगायला नको होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं तुमच्याजवळ बसून.

मी पुड्या घेऊन धुळ्याला आले. प्रयोगशाळेतला काटा काचेच्या पेटीत असतो, पंखा बंद करावा लागतो, म्हणून घामाघूम होऊन मी एकेक चकती ठेवत गेले. हळद, तिखट, हळद, तिखट. सगळ्या सारख्या. हळदीच्या पुडीतली चकती कुठली आणि तिखटाची कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नाना, मी त्या रिकाम्या प्रयोगशाळेत एकटीच नाचले. शिपाई दारातून डोकावून गेला. मला काही वाटलं नाही. मी उगाच इतकी वर्षं भांडले, कागद एकसारखाच होता, तुमच्या हातानं बरोबर ओळखलं होतं!

हा आनंद पारोळ्यापर्यंत टिकला. मी जळगावच्या गाडीत खिडकीशी बसून आकडे पुन्हा बघत होते आणि मला तुमचं वर्गातलं वाक्य आठवलं. आकडे फार गोड आले की आधी हात धुवून परत मोजा. इतका सारखा कागद कुठली कंपनी करते? कडेला जरासा तरी फरक दिसायला हवा. एरंडोल येईपर्यंत माझी खात्री पटली होती की हे आकडे तुम्ही वर्गात कोणाला तरी दाखवले असते आणि विचारलं असतं, ह्यात काय चुकलंय?

अक्का ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी समोर बसले. "अक्का, हळद कुठली आणि तिखट कुठलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "दोन्हीस्मा मझारनाच शेतस."

दोन्ही पुड्यांत मधल्याच चकत्या. कडेची एकही नाही.

"अक्का! का?"

"तूच सांगं ना, सारखं उनं तर नाना खरा." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मंग मी सारखंच काप्यं. त्या खरा निंघाले पाहिजेत, माय. आते भांडाले थोडाच येतीन."

आणि तुम्ही म्हणायचात की ती तुम्ही हरायची वाट बघतेय! नाना, तुमच्या आयुष्यात अक्कांविषयी तुम्ही जेवढी म्हणून मापं काढलीत त्यातलं हे सगळ्यात चुकलेलं. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. मग मी विचारलं, "अक्का, नानांना हे कळलं असतं तर?"

"वरडतात ना," त्या म्हणाल्या, आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर त्यांचे डोळे भरून आले. पदरानं पुसले. उठल्या, कपाटावरून कागद काढला, झाकण आणि ब्लेड घेतलं आणि मला स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं. आतून फक्त ब्लेडचा आवाज येत होता. नव्या दोन पुड्या घेऊन मी परत गेले.

या वेळी वजनं सारखी आली नाहीत. तिखटाची पुडी जड. प्रत्येक चकती जड, एकही अपवाद नाही. मी पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलं. मग अक्कांना फोन लावला. "अक्का, तिखट कुठलं?"

"मझारनं," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "हारले का?"

हो नाना. हरलात तुम्ही. कागद मध्ये जाड आहे. इतकी वर्षं मी जे म्हणत होते ते तसंच्या तसं खरं निघालं. मी स्टुलावर बसून राहिले. विजयाचं मला काहीच वाटलं नाही. मला फक्त तुमचा आवाज हवा होता, लालबुंद होऊन म्हणणारा की तुझा काटा तपास. मी तपासला सुद्धा. काटा बरोबर होता.

पण मग एक काम उरलं होतं, ते मी केलं. कडेच्या जाडीच्या जागी मधली जाडी घातली आणि तुमचं गणित पहिल्यापासून केलं. तुमची अख्खी रेघ खाली उतरली. मी आलेख छापला आणि बघत राहिले. तुमचा एकेक बिंदू जगाच्या रेघेवर येऊन बसला होता. बाकी कोणाचेही आकडे इतके घट्ट बसलेले नाहीत, चांगल्या मोठ्या नावाच्या प्रयोगशाळांचेही नाहीत. पाहुणे तुम्ही बरोबर मोजले होते, कार्बन बरोबर वजा केला होता, कोन बरोबर लावले होते. कडेची एक पट्टी सोडली तर त्या प्रयोगात चूक म्हणून नव्हती. वाळीत टाकण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. मी तुम्हाला हे तोंडावर सांगायला पाहिजे होतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि तुमच्याकडे शिकायला मिळालं याचा इतका अभिमान वाटतो की तो कुठे ठेवावा कळत नाही.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत, त्यामुळे ओरडू नका. झोतासमोर होता तो कागद हा नव्हे, हा त्याचा सख्खा भाऊ. कागद जुना झालाय, पिवळा पडलाय. चकत्या अक्कांनी डबीच्या झाकणानं कापल्या आहेत. सगळं मान्य. म्हणून मी तुमच्या आकड्यांचं अधिक-उणं थोडं वाढवलंय. ते तुम्हाला अजिबात आवडणार नाही, पण माझ्या आलेखात आता तुम्ही आहात, चांदणीशिवाय. यादी ठेवणाऱ्या लोकांनाही सगळी हकीकत कळवली आहे. कसं मोजलं, कोणी कापलं, पहिल्या खेपेला काय घोळ झाला, हेसुद्धा. बिबडे म्हणजे काय हे त्यांना समजावताना माझा घाम निघाला. ते काय ठरवतील ते ठरवतील.

काल आलेख दाखवायला जळगावला गेले. अक्का गच्चीवर होत्या. शेजारणी म्हणत होत्या, दुःखाच्या वर्षात वाळवण करत नाहीत. अक्का म्हणाल्या, पीठ नानांसमोर भिजवलेल्या ज्वारीचं आहे, ते टाकून देणार नाही. घाटा शिजला होता, लसणाचा वास सुटला होता. मी आलेख उलगडला आणि तुमचे बिंदू बोटानं दाखवले. "हे नाना. हे नाना. हेही." अक्कांनी ओले हात साडीला पुसले आणि प्रत्येक बिंदूवर बोट ठेवून पाहिलं, तुम्ही त्या पहिल्या दिवशी ठेवत होतात तसंच.

मग त्या कागदासमोर बसल्या आणि थापायला लागल्या. रेघेच्या पलीकडे चकत्या कापल्याची गोल भोकं होती, पण भोकांच्या मधे-मधे जागा भरपूर होती. अलीकडची बाजू भरत आली. मी म्हणाले, "अक्का, आता पलीकडेही थापा. त्या बाजूचं काम संपलंय. बठ्ठा कागद आता तुमचाच."

अक्कांनी हातातला गोळा रेघेजवळ नेला, थांबल्या, आणि परत अलीकडे आणून कोपऱ्यात दाटीवाटीनं थापला.

"ऱ्हाऊ दे माय," त्या म्हणाल्या. "तुना नाना वरडतीन."